अटलांटिक ओलांडणाऱ्या आगबोटी आणि त्यांचे प्रवासी (1900 ते 1914): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या आगबोटींचा विषय निघाला की लोक आधी टायटॅनिकचा जिना, झुंबरं, श्रीमंतांच्या केबिन असंच विचारतात. त्याचीही उत्तरं थोडक्यात दिली आहेत. पण मला मनापासून वाटतं की या बोटींची खरी गोष्ट खालच्या मजल्यांवरच्या माणसांची आहे. संख्येने तेच जास्त होते आणि कंपन्यांचा धंदा त्यांच्याच तिकिटांवर चालायचा, त्यामुळे जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

तिसऱ्या वर्गाने जाणारे हे लोक नेमके कोण होते?

आधी आयरिश, जर्मन, स्कँडिनेव्हियन जास्त होते, पण 1900 नंतर लोंढा आला तो दक्षिण आणि पूर्व युरोपातून. दक्षिण इटलीतले शेतमजूर, रशियन साम्राज्यातले ज्यू, पोलिश, ऑस्ट्रिया-हंगेरीतले स्लोव्हाक, क्रोएट, हंगेरियन, शिवाय ग्रीक आणि आज ज्याला लेबनॉन म्हणतो तिथले लोक. कारणं वेगवेगळी होती, इटालियन माणूस गरिबीपायी निघायचा, तर रशियातला ज्यू बऱ्याचदा दंगलीत घरदार जाळलं गेल्यावर किंवा झारच्या सैन्यात भरती व्हायला लागू नये म्हणून. एलिस आयलंडवरून (न्यूयॉर्क बंदरातलं बेट, जिथे येणाऱ्यांची तपासणी व्हायची) एकूण सुमारे 1 कोटी 20 लाख माणसं अमेरिकेत शिरली आणि 1907 हे सगळ्यात गर्दीचं वर्ष, त्या एका वर्षात तिथून 10 लाखांवर माणसं गेली. 17 एप्रिल 1907 या एका दिवसात 11,747!

बोटीवर चढायच्या आधी काय काय करावं लागायचं?

हा भाग लोकांना माहीतच नसतो. खरं तर अर्धी परीक्षा इकडेच, युरोपात व्हायची. अमेरिकेचा 1891 पासूनचा कायदा असा की नाकारलेल्या माणसाला परत न्यायचा खर्च बोटीच्या कंपनीने करायचा आणि 1903 पासून तर संसर्गजन्य रोग असलेला माणूस आणला तर माणशी 100 डॉलर दंड. म्हणजे तिकिटाच्या कमाईच्या कितीतरी पट नुकसान. म्हणून कंपन्यांनी स्वतःच डॉक्टर ठेवले. रशिया-पोलंडकडून येणाऱ्यांना जर्मनीच्या सीमेवरच अडवायचे, अंघोळ, कपडे वाफेत घालून जंतू मारणं, डोळे तपासणं, आणि मग सीलबंद केल्यासारख्या गाड्यांतून थेट बंदरावर. 1892 ला हॅम्बुर्गमध्ये कॉलरा आला होता आणि त्याचा ठपका या प्रवाशांवर ठेवला गेला, तेव्हापासून हे फार कडक झालं.

हॅम्बुर्गला हापाग कंपनीचा प्रमुख अल्बर्ट बालिन, त्याने 1901 साली वेडेल बेटावर प्रवाशांसाठी वसतिगृहांची वसाहतच उभी केली. झोपायचे हॉल, जेवणघर, चर्च, ज्यूंसाठी सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आणि कोशर, म्हणजे त्यांच्या धर्मनियमांप्रमाणे चालणारं स्वयंपाकघर, सगळं होतं. बोट लागेपर्यंत लोक तिथे राहायचे. आज तिथे म्युझियम आहे. ब्रेमेनची नॉर्डडॉइचर लॉइड, अँटवर्पची रेड स्टार, रॉटरडॅमची हॉलंड-अमेरिका, लिव्हरपूलची क्युनार्ड आणि साउथहॅम्प्टनहून व्हाइट स्टार, या बाकीच्या मोठ्या कंपन्या.

आणि प्रत्येकाची माहिती बंदरावरच कंपनीचा कारकून लिस्टमध्ये भरायचा. नाव, वय, धंदा, लिहिता-वाचता येतं का, तिकीट कोणी काढलं, जवळ पैसे किती, कोणाकडे जाणार, आधी तुरुंगात होता का, एकाहून जास्त बायका आहेत का, अराजकवादी आहात का. (शेवटचा प्रश्न 1901 ला राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लीचा खून झाला त्यानंतरचा.) ही लिस्ट पुढे फार महत्त्वाची ठरते, खाली येईलच.

तिकीट किती होतं?

1912 च्या आसपास इंग्लंडहून न्यूयॉर्क तिसरा वर्ग 7-8 पाउंड, दुसरा साधारण 12-13, पहिला 30 च्या पुढे आणि वर कितीही. 1904 ला क्युनार्ड आणि जर्मन कंपन्यांचं भाड्यावरून भांडण पेटलं तेव्हा खालच्या वर्गाचं भाडं अगदी 2 पाउंडांपर्यंत पडलं होतं. मजुराला सात-आठ पाउंड म्हणजे कित्येक आठवड्यांची पूर्ण मजुरी. म्हणून आधी घरातला एकच जण जायचा, तिकडे राबून पैसे साठवायचा आणि मग तिथूनच बायको-मुलांचं तिकीट काढून पाठवायचा. खालच्या वर्गातले खूप लोक अशाच आधी पैसे भरलेल्या तिकिटावर आलेले असायचे.

किती दिवस लागायचे?

बोटीवर अवलंबून. क्युनार्डची मॉरेटानिया 1907 ला आली आणि 1909 ला तिने साडेचार दिवसांच्या आत अटलांटिक पार केला, तो विक्रम पुढे 20 वर्षं कोणाला मोडता आला नाही. पण साध्या, हळू बोटींना दहा दिवस, कधी दोन आठवडे. भूमध्य समुद्रातल्या बंदरांतून निघालं तर अजून जास्त. आणि शिडाच्या जहाजांना पूर्वी सहा-सहा आठवडे लागायचे हे लक्षात घेतलं तर कळतं की एवढे लोक एकदम का निघाले.

खालच्या वर्गात झोपायची, अंघोळीची सोय कशी होती?

इथे सगळ्या बोटी एकाच मापाने मोजू नका, कारण दोन प्रकार होते. जुन्या पद्धतीत मोठा हॉल, त्यात दोन मजली लोखंडी बंक ओळीने, गवत भरलेली गादी. माणशी जागा साधारण सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि वर अडीच फूट, आणि सामानही त्याच जागेत ठेवायचं, कारण दुसरीकडे ठेवायला काही नाही. एकटे पुरुष वेगळे, एकट्या बायका वेगळ्या, कुटुंबं वेगळी. हवा यायला वाट कमी, त्यात उलट्यांचा वास, इंजिनाची धडधड, ओली जमीन. जेवणाची भांडी पत्र्याची आणि ती ज्याची त्याने धुवायची, तीही बऱ्याचदा खारट थंड पाण्यात.

हे मी रंगवून सांगत नाहीये. अमेरिकन काँग्रेसने 1907 मध्ये इमिग्रेशन कमिशन नेमलं (डिलिंगहॅम कमिशन म्हणतात), त्यांनी आपली माणसं गरीब प्रवाशाच्या वेषात या बोटींवर पाठवली, त्यात एक बाईही होती. तिचं वर्णन वाचवत नाही, विशेषतः खलाशी लोक बायकांशी कसे वागायचे ते. 1911 साली हे सगळं अहवालात छापून आलं.

नवीन पद्धत म्हणजे टायटॅनिक, ऑलिंपिक, मॉरेटानिया असल्या बोटींवरचा तिसरा वर्ग. दोन ते आठ-दहा जणांच्या केबिन, स्वच्छ जेवणघर, टेबलावर चिनी मातीची भांडी, वाढायला माणसं. कित्येकांच्या गावातल्या घरापेक्षा चांगलं! अंघोळीचं मात्र विचारू नका, टायटॅनिकवर तिसऱ्या वर्गातल्या सुमारे 700 लोकांना मिळून दोन बाथटब होते.

जेवायला काय मिळायचं?

टायटॅनिकवरचा 14 एप्रिल 1912 चा तिसऱ्या वर्गाचा मेनू शिल्लक आहे. सकाळी ओटची लापशी, हेरिंग मासे, उकडलेले बटाटे, हॅम-अंडी, ब्रेड-बटर, मार्मालेड. दुपारी भाताचं सूप, भाजलेलं बीफ, मका, बटाटे, प्लम पुडिंग. संध्याकाळी थंड मांस, चीज, लोणचं, अंजीर आणि भात. रात्री पेज आणि बिस्किटं. मुख्य जेवण दुपारचं असायचं. जुन्या बोटींवर याच्या निम्मंही नाही, बटाटे, खारवलेले मासे, पाव आणि पातळ सूप मोठ्या डेगीतून, ज्याने त्याने आपला डबा घेऊन रांगेत उभं राहायचं.

बोट लागायची का?

खूप. उत्तर अटलांटिक हा शांत समुद्र नाहीच आणि हिवाळ्यात तर डेकवर जायची सोयच नसायची, दारं बंद करून सगळे आत. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणारे शेतकरी लोक होते हे, पहिले दोन-तीन दिवस अर्ध्या लोकांना उठताच यायचं नाही. वरच्या वर्गालाही बोट लागायची, पण तिथे केबिनला खिडकी होती आणि बोलावलं की माणूस यायचा.

वर्गावर्गात येणं-जाणं होतं का?

नाही. दारं, जाळ्या, पाट्या असायच्या आणि त्याला अमेरिकेचे आरोग्याचे नियम हेही कारण होतं, खालच्या वर्गातून रोग पसरू नये म्हणून त्यांना वेगळं ठेवणं सक्तीचं होतं. खालच्यांना मोकळ्या डेकचा एक तुकडा मिळायचा, हवा चांगली असली की सगळे तिथे. कोणीतरी अकॉर्डियन काढायचं, नाच व्हायचा, मुलं पळापळी करायची, पत्ते, प्रार्थना, आणि सगळ्यात जास्त म्हणजे एलिस आयलंडला काय विचारतात याची चर्चा. वरच्या डेकवरून पहिल्या वर्गातले लोक उभे राहून हे बघायचे, कधी नाणी, मिठाई खाली टाकायचे. मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं.

आणि वर काय चालायचं?

वर हॉटेल होतं, समुद्रावर तरंगणारं. हापागच्या अमेरिका बोटीवर (1905) लिफ्ट आणि रिट्झ-कार्लटन रेस्टॉरंट होतं, पुढे पोहण्याचे तलाव, टर्किश बाथ, जिम आले. वायरलेस आल्यावर तर बोटीवर रोजचं छापील वर्तमानपत्र निघायला लागलं, शेअर बाजाराच्या भावासकट. यापेक्षा जास्त हवं असेल तर त्यावर भरपूर लिहिलं गेलंय.

बोट चालवणारे लोक कुठे असायचे?

तिसऱ्या वर्गाच्याही खाली. मॉरेटानियाला 25 बॉयलर आणि 192 भट्ट्या, दिवसाला जवळपास 1000 टन कोळसा लागायचा आणि तो सगळा माणसं फावड्याने टाकायची. चार तास काम, आठ तास सुटी, पुन्हा चार तास. वेगाचा विक्रम कॅप्टनच्या नावावर लागला तरी तो घडवला या लोकांनी.

टायटॅनिकवर तिसऱ्या वर्गाला कोंडून मारलं हे खरं आहे का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. जाळ्या होत्या, काही दारं बंद होती, काही ठिकाणी खलाशांनी लोकांना वर जाऊ दिलं नाही अशा साक्षी आहेत. दुसरीकडे काही स्टुअर्ड बायका-मुलांचे गट करून त्यांना वर होड्यांपर्यंत घेऊनही गेले. लॉर्ड मर्सीच्या ब्रिटिश चौकशीने निष्कर्ष काढला की मुद्दाम भेदभाव झाला नाही, पण त्या चौकशीत तिसऱ्या वर्गातल्या एकाही प्रवाशाची साक्ष घेतली गेली नव्हती. तेव्हा त्या निष्कर्षाला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा, मी फार देत नाही. अमेरिकन सिनेटच्या चौकशीत निदान तिघांना तरी बोलावलं.

आकडे मात्र स्पष्ट आहेत. पहिल्या वर्गातले साठ टक्क्यांवर वाचले, तिसऱ्यातले जेमतेम पाव. पहिल्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या बायका वाचल्या, तिसऱ्यातल्या निम्म्याहून कमी. दुसऱ्या वर्गातली सगळी लहान मुलं वाचली आणि तिसऱ्या वर्गातली सुमारे दोनतृतीयांश मुलं गेली. होड्या मुळातच 20, त्यात जागा 1178 आणि बोटीवर माणसं सुमारे 2200. तिसऱ्या वर्गाला होड्यांच्या डेकवर यायची सरळ वाटच नव्हती, बोर्ड वाचायचे तर इंग्रजी यायला हवं, आणि उठा म्हणून नीट कोणी सांगितलंही नाही. कोंडायची गरजच पडली नाही, बोटीच्या रचनेनेच ते काम केलं असं माझं मत आहे.

वाचलेल्यांना कार्पेथिया बोटीने 18 एप्रिलला न्यूयॉर्कला आणलं आणि तिसऱ्या वर्गातल्यांना त्या वेळी एलिस आयलंडला नेलं नाही, धक्क्यावरच सोडलं.

न्यूयॉर्कला पोचल्यावर काय व्हायचं?

बोट आधी बंदराबाहेर क्वारंटाईनला थांबायची. मग पहिल्या-दुसऱ्या वर्गाची तपासणी केबिनमध्येच, वरवरची, आणि ते लोक थेट धक्क्यावर उतरून घरी. तिसऱ्या वर्गाला मात्र धक्क्यावरून पुन्हा छोट्या बोटीत भरून एलिस आयलंडला न्यायचे. कोकणात आगबोट लांब उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्यावर यायला लागायचं तसंच काहीसं, फक्त इथे पडावातून उतरल्यावर घर नाही, परीक्षा. गर्दी असली तर त्या छोट्या बोटीतच तासन् तास, उन्हात किंवा थंडीत.

अंगावर चिठ्ठी लावलेली, त्यावर लिस्टचं पान आणि ओळ. जिना चढून मोठ्या हॉलमध्ये जायचं आणि डॉक्टर वरून बघत असायचे की कोण धापा टाकतंय, कोण लंगडतंय. एकेका माणसाला काही सेकंदच. शंका आली की कोटावर खडूने खूण, हृदयासाठी एक अक्षर, डोळ्यांसाठी एक, मानसिक आजाराची शंका असेल तर फुली. सगळ्यात भीती डोळ्याच्या तपासणीची. पापणी उलटून बघायचे, बऱ्याचदा बूट घालताना बटणं ओढायच्या आकड्याने, आणि ट्रॅकोमा (डोळ्यांचा संसर्गजन्य रोग) निघाला की परत. आई पास आणि मूल नापास अशा वेळी एका घराचे तिथल्या तिथे दोन तुकडे व्हायचे.

एलिस आयलंडला विचारायचे ते 29 प्रश्न काय होते?

लिस्टमध्ये आधीच भरलेली उत्तरं इन्स्पेक्टर पुन्हा विचारायचा, दुभाष्यामार्फत, आणि जुळतात का बघायचा. (पुढे न्यूयॉर्कचा महापौर झालेला फिओरेलो ला गार्डिया 1907 ते 1910 तिथे दुभाषी होता.) यातला एक प्रश्न फार अवघड होता, तिकडे नोकरी ठरली आहे का? गरीब माणसाला वाटणार की हो म्हटलं तर बरं, पण 1885 च्या कायद्याने करार करून मजूर आणणं बंद होतं, म्हणून हो म्हटलं की अडकला. आणि नाही म्हणताना हेही दाखवायचं की मी काम करून पोट भरू शकतो, नाहीतर सरकारवर बोजा होईल म्हणून नकार. 1909 ला तिथला आयुक्त विल्यम विल्यम्स याने जवळ 25 डॉलर हवेतच असा दंडक घातला, तेव्हा वाटेत असलेल्या लोकांची फार पंचाईत झाली. एकट्या बाईला तर नातेवाईक घ्यायला आल्याशिवाय सोडायचेच नाहीत.

किती लोकांना परत पाठवलं?

साधारण 2 टक्के. ऐकायला कमी वाटतं, पण वर्षाला लाखोंनी माणसं येत होती, म्हणजे हजारो लोक घर विकून आलेले आणि त्याच कंपनीच्या बोटीने परत गेलेले. बेटावर हॉस्पिटल होतं, तिथे सुमारे 3500 माणसं वारली आणि 350 वर बाळं जन्मली.

एलिस आयलंडला अधिकारी लोकांची नावं बदलून टाकायचे ना?

नाही. अमेरिकेतल्या घराघरात ही गोष्ट सांगतात पण तशी पद्धत नव्हती. इन्स्पेक्टरसमोर युरोपात भरलेली लिस्ट असायची, तो नाव लिहीत नव्हता, टिक करत होता. स्पेलिंगची गडबड झालीच तर ती बंदरावर तिकीट काढताना. बहुतेकांनी नाव नंतर स्वतःच बदललं, कामावर, शाळेत, किंवा नागरिकत्व घेताना.

सगळे कायमचे गेले का?

अजिबात नाही! साधारण एकतृतीयांश परत आले, इटालियन लोकांत तर हे प्रमाण निम्म्याच्या जवळपास. चार-पाच वर्षं खाणीत, रेल्वेवर राबायचं, पैसे जमले की गावी जमीन घ्यायची. आल्फ्रेड स्टिग्लिट्झने 1907 मध्ये काढलेला खालच्या डेकचा प्रसिद्ध फोटो आहे ना, शालीतली बाई, वरून बघणारे लोक, तो बऱ्याच पुस्तकांत अमेरिकेला येणाऱ्यांचा म्हणून छापतात. ती बोट युरोपकडे निघालेली होती.

या बोटींवर मराठी माणसं होती का?

होती, थोडी, आणि मजूर म्हणून नाही तर शिकायला. आपल्याकडून मुंबई, एडन, सुएझ करत इंग्लंड किंवा युरोपचं बंदर गाठायचं आणि तिथून अटलांटिकची दुसरी बोट, अशी नेहमीची वाट. आनंदीबाई जोशी 1883 ला गेल्या, त्यांच्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई 1886 ला इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या, हे थोडं आधीचं. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर 1906 ला कॉर्नेलला, धर्मानंद कोसंबी 1910 ला हार्वर्डला. आणि जुलै 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले, कोलंबिया विद्यापीठात शिकायला, वय 22. ज्या शहरात रोज हजारो परके लोक उतरत होते त्याच शहरात, त्याच वर्षांत ते राहत होते, हे आपण त्यांच्या अमेरिकेतल्या दिवसांबद्दल वाचताना डोळ्यांसमोर ठेवावं असं मला वाटतं. पंजाबी शेतकरी आणि मजूर मात्र बहुतेक पॅसिफिकच्या बाजूने, व्हँकुव्हर, सॅन फ्रान्सिस्कोला गेले.

पासपोर्ट, व्हिसा लागायचा का?

पहिल्या महायुद्धाआधी अमेरिकेत उतरायला पासपोर्ट सक्तीचा नव्हता. (रशियातून बाहेर पडायला मात्र लागायचा, म्हणून खूप जण रात्री चोरून सीमा ओलांडायचे.)

हे सगळं बंद कधी पडलं?

1914 ला युद्ध सुरू झालं तेव्हा एकदम आटलं. मे 1915 ला लुसिटानिया जर्मन पाणबुडीने आयर्लंडजवळ बुडवली, जवळपास 1200 माणसं गेली. 1917 ला अमेरिकेने लिहिता-वाचता येण्याची अट घातली आणि त्याच कायद्याने भारतासकट आशियाच्या मोठ्या भागातल्या लोकांना दार बंद केलं. मग 1921 आणि 1924 चे कोटा कायदे आले, म्हणजे कोणत्या देशातून किती लोक घ्यायचे याची मर्यादा, आणि खालच्या वर्गाचा धंदाच संपला. कंपन्यांनी त्याच जागेत नवीन केबिन करून सुट्टीवर जाणाऱ्या अमेरिकन शिक्षक-विद्यार्थ्यांना टुरिस्ट क्लास म्हणून विकायला सुरुवात केली.

आमच्या घरातलं कोणी तेव्हा गेलं होतं, नाव शोधता येईल का?

येईल. एलिस आयलंडच्या प्रवाशांच्या लिस्ट स्टॅच्यू ऑफ लिबर्टी-एलिस आयलंड फाउंडेशनच्या साइटवर फुकट शोधता येतात, मूळ पानाचा फोटोही दिसतो. इंग्लंडहून बोट धरली असेल तर 1890 पासूनच्या बाहेर जाणाऱ्यांच्या लिस्ट लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. हॅम्बुर्गच्या टिकल्या आहेत, ब्रेमेनच्या बहुतेक नष्ट झाल्या. आपली नावं शोधताना आडनावावर अडून बसू नका, कारकुनाने वडिलांचं नाव आडनाव म्हणून घातलेलं असू शकतं, जोशी, कुलकर्णी, गायकवाड यांची स्पेलिंग पाच-सहा तऱ्हेने टाकून बघा. वर्ष आणि वय माहीत असेल तर त्यावरून गाळा, आणि वंशाच्या रकान्यात भारतीयांना ईस्ट इंडियन किंवा सरसकट हिंदू लिहिलेलं असतं, मुसलमान किंवा शीख असला तरी. 1907 नंतरच्या लिस्टमध्ये उंची, डोळ्यांचा रंग, जन्मगाव आणि मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ताही मिळतो, तेव्हा पान दोन भागांत असतं हे लक्षात ठेवा आणि उजवीकडचं पान उघडायला विसरू नका.